न जुळणारे बावीस सेंटिमीटर

आमच्या ह्यांना कचेरीत सगळे 'मिलिमीटर' म्हणायचे. तोंडावर नाही, मागून. पण ह्यांना ते ठाऊक होतं आणि आतून गुदगुल्याही होत असाव्यात. जमिनीची मोजणी करणारा माणूस. तिपाईवर दुर्बीण ठेवायची, एक डोळा मिटायचा आणि दुसऱ्यानं जग बघायचं, हा तीस वर्षांचा उद्योग. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी पडदे शिवायला घेतले तर म्हणाले, "डावी खिडकी उजवीपेक्षा नऊ मिलिमीटर रुंद आहे. दोन्ही पडदे एकाच मापाचे कापू नकोस." मी एकाच मापाचे कापले. ते पडदे बारा वर्षं टिकले, आणि बारा वर्षं हे डाव्या पडद्याकडे बघून उसासे टाकत राहिले.

पण घरात बसून उसासे टाकणारा हा माणूस नव्हे. ह्यांना मोकळं रान लागायचं. नुसतं गवत, दूरवर एखादं झाड, आणि त्या झाडापर्यंत किती अंतर असेल याचा अंदाज. सुट्टीच्या दिवशी आम्हाला फिरायला न्यायचे ते अशाच ओसाड जागी. मी आणि लेक सतरंजी पसरून बसायचो आणि हे डोळे बारीक करून म्हणायचे, "तीनशे दहा." मग पावलं टाकत जायचे, परत यायचे, "तीनशे सात." तीन मीटर चुकले म्हणून त्यांचा चेहरा उतरायचा, आणि लेक हसून लोळायची. ते हसू अजून कानात आहे. नंतर पुष्कळ वर्षं आमच्या घरात कुणी असं हसलं नाही, म्हणून सांगते.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कारखान्यासाठी माळावर मोजणी चालली होती. सकाळचे अकरा. हे दुर्बिणीत बघत होते आणि समोरची क्षितिजाची रेघ हलली. निदान ह्यांना तसं वाटलं. मग छातीत धडधड सुरू झाली, बोटांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना, आणि मन ओरडून सांगायला लागलं की आता तू मरणार. हाताखालच्या माणसांनी उचलून दवाखान्यात नेलं. मी धावत पोचले तेव्हा तोंडचं पाणी पळालेलं. डॉक्टर म्हणाले, "काही नाही झालेलं. हृदय ठणठणीत आहे."

माझा जीव भांड्यात पडला. ह्यांचा नाही. रिक्षात बसताना म्हणाले, "काही नाही कसं? मी मेलो होतो."

पुढच्या चार महिन्यांत आम्ही आणखी तीनदा त्याच दवाखान्यात गेलो. एकदा बसमधून उतरून, एकदा दुकानाच्या रांगेतून, एकदा न्हाव्याच्या खुर्चीतून, अर्धी दाढी झालेली. दरवेळी रक्त तपासलं, छातीचा आलेख काढला, थायरॉइडसुद्धा बघून झालं. दरवेळी "काही नाही". तिथली नर्स आम्हाला बघितलं की खुर्ची पुढे करायची, ओळखीच्या पाहुण्यांना करावी तशी.

मग ह्यांनी स्वतःच उपाय शोधला. जिथं असं झालं तिथं जायचंच नाही. आधी माळ सुटला. मग बस सुटली. मग पूल, कारण पुलावर मधेच काही झालं तर पळायचं कुठं? मग बाजार. मी सोबत असले तर थोडं जमायचं, म्हणून मी सोबत राहायला लागले. मी वाचनालयात होते, पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर. ती नोकरी सोडली, कारण मी बाहेर गेले की ह्यांचे फोन यायचे, "कुठं पोचलीस? किती वेळ?" कचेरीनं आधी बैठं काम दिलं, मग हे कचेरीतही जाईनात, मग मुदतीआधी निवृत्ती. दोन वर्षांत त्या माणसाचं जग तीन खोल्या आणि फाटकापर्यंतचं अंगण एवढं उरलं. अंगण साडेसहा मीटर. मला कसं ठाऊक, ते विचारू नका.

लोकांना काय सांगायचं? पाय दुखतात, डोळ्यांचा त्रास आहे, झोपलेत. मी इतकी सफाईनं खोटं बोलायला शिकले की माझं मलाच नवल वाटायचं. ह्यांच्यावर चिडायचेही. एकदा तर म्हटलं, "उठा आणि चला, मनावर घेतलं तर काय अशक्य आहे?" हे उठले, चपला घातल्या, फाटकाशी गेले आणि कडीवर हात ठेवून उभे राहिले. घामानं सदरा पाठीला चिकटला. मी हात धरून आत आणलं. त्यानंतर मी तसं कधी बोलले नाही.

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा नोंदणी कचेरीत जायचं होतं, घरापासून दोन किलोमीटर. हे आले नाहीत. मी सही करून परत आले, पोरं पाया पडायला घरी आली, आणि पुढच्या खोलीत आम्ही चौघं उभ्या उभ्या पेढ्याऐवजी बिस्किटं खाऊन मोकळे झालो, कारण पेढे आणायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. ह्यांनी जावयाचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मला यायचं होतं." बस्स. लेक तिच्या गावी गेली. बसनं तीन तास. तिथं तिची प्रयोगशाळेतली नोकरी, जावयाची फिरतीची, तिथं तिचं छोटं बैठं घर.

ती यायची आम्हाला भेटायला, दोन-तीन महिन्यांनी. पण पोरीचं घर ते पोरीचं घर. तिच्या शेजारणींचे आईवडील येऊन राहून जायचे, आणि तिला कुणी विचारलं की ती म्हणायची, "माझ्या बाबांचे पाय दुखतात." माझं खोटं तिनंही उचललेलं. मी एकटी जाऊ शकले असते का? नाही. ह्यांना एक तासही एकटं सोडता यायचं नाही, तिथं रात्रभर कुठलं? चार वर्षं मी लेकीच्या घराचा उंबरा बघितला नाही. रोज वाटायचं, तिची भांडी कशी लावलीत बघावं, तिच्या खिडकीत बसून केस विंचरावेत. काही मोठं मागत नव्हते मी.

हे सगळं ह्यांना दिसत होतं. एके दिवशी मात्र कपाटावरून जुना नकाशाचा कागद काढला, टेबलावर चिकटवला आणि लेकीला फोन लावला. "तुझं घर मोजून पाठव. खोली खोली. भिंतीची जाडीसुद्धा."

आणि पाठवलं की तिनं! रोज संध्याकाळी एक खोली. ह्यांनी टोकदार पेन्सिलीनं घर उतरवलं. दरवाजे कुठल्या बाजूला उघडतात, पलंग कुठं, तिचं लिहायचं टेबल कुठं, शेगडी कुठं. मग त्यावर सदऱ्याचं एक पांढरं बटण ठेवलं. तिचा फोन आला की पहिला प्रश्न, "तू आता कुठं उभी आहेस?"

"ओट्यापाशी, बाबा."

बटण ओट्यापाशी सरकायचं. "आणि आता?"

"आता खिडकीत आले."

बटण खिडकीत. मी चेष्टा करायचे, "तीन तासांची वाट चुकवून मुलीला बटणात बसवलीत की!" हे नुसती मान हलवायचे. पण फोन संपला की बटण जिथं असेल तिथंच राहू द्यायचे, आणि मी टेबल पुसताना ते हलवलं तर ओरडायचे. एका दुपारी मी बघितलं, हे त्या कागदावर हात ठेवून डोळे मिटून बसले होते. मी परत आत गेले. काही गोष्टी बायकोनंही बघू नयेत.

पण घर जुळेना. घर चौकोनी, तेव्हा पुढच्या बाजूची लांबी आणि मागच्या बाजूची लांबी सारखीच भरली पाहिजे. मागची बाजू बावीस सेंटिमीटर कमी यायची. चूक स्वयंपाकघरात होती, ओट्यासमोरच्या भिंतीत. लेकीनं पाठवलेलं माप तीन मीटर वीस. ह्यांच्या हिशेबानं हवं तीन बेचाळीस.

"पुन्हा मोज."

तिनं आठवड्यानं मोजलं. तीन वीस.

"फीत सरळ धरली होतीस?"

"हो, बाबा. पुन्हा मोजते." आणखी पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. तीन वीस.

मी कपाळाला हात लावला. वीतभर भिंतीवरून एवढा घोळ! लेकीला म्हटलंसुद्धा, "अगं, शेजारच्या कुणाला तरी मोजायला सांग, इथं माझं डोकं उठलंय." ती म्हणाली, "आई, मला हे जमत नाही. बाबांनीच येऊन मोजावं."

फोन मोठ्या आवाजावर होता. ह्यांनी ऐकलं. पेन्सिल खाली ठेवली आणि बराच वेळ त्या तीन आकड्यांकडे बघत बसले. वीस, वीस, वीस. मला वाटलं, आता आठवडाभर हे तोंड पाडून बसणार. पण ते उठले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "ती एका डॉक्टरांचा नंबर देत होती ना मागं? मनाच्या डॉक्टरांचा. दे तो."

मी वहीत शोधायला धावले, न जाणो बेत बदलायचा. हाच नंबर दिला तेव्हा दोन वर्षांपूर्वी म्हणाले होते, "मी वेडा आहे का?"

डॉक्टरीणबाई आमच्या लेकीच्याच वयाच्या. सुरुवातीला फोनवर, चेहरा बघत बोलणं झालं. त्यांनी सगळं ऐकलं, आधीचे तपासणीचे कागद पाहिले आणि आधी नाव सांगितलं. माळावर झालं त्याला पॅनिक ॲटॅक म्हणतात, ते पुन्हा पुन्हा होत राहून त्याचीच धास्ती बसली तो पॅनिक डिसऑर्डर, आणि त्या धास्तीपायी एकेक जागा सुटत माणूस घरात कोंडला जातो तो अगोराफोबिया. "हे फार जणांना होतं, आणि ह्यावर इलाज आहे," त्या म्हणाल्या. ह्यांचे डोळे भरून आले. आठ वर्षं 'काही नाही' ऐकलेल्या माणसाला कुणीतरी 'आहे' म्हणालं होतं.

मग समजावून सांगितलं. शरीरात धोक्याची एक घंटा असते. वाघ समोर आला तर ती वाजायलाच हवी, मग काळीज धडधडतं, श्वास वाढतो, म्हणजे पळता यावं. तुमची घंटा वाघ नसताना वाजते. घंटा खरी, वाघ नाही. आणि ती कायम वाजत राहू शकत नाही, दहा-वीस मिनिटांत थकून आपोआप उतरते. पण तुम्ही दरवेळी ती उतरायच्या आत घरी पळून येता, आणि मन समजतं की घरानं वाचवलं. पुढच्या वेळी घंटा आणखी लवकर वाजते.

रोज घ्यायची एक गोळी दिली. तिचा गुण यायला काही आठवडे लागतील, मनानं बंद करू नका, हे ठासून सांगितलं. आणि मग सुरू झाले ते एकेक प्रकार! पहिला धडा काय, तर खुर्चीत बसून गरागरा फिरायचं. मुद्दाम. चक्कर आली, धडधड झाली की बसून बघायचं, मरतो का. जिन्याच्या पायरीवर वरखाली धावायचं. नळीतून श्वास घ्यायचा. हे एकटे घाबरतील म्हणून मीही खुर्ची घेतली. दोन पिकलेली माणसं भर दुपारी पुढच्या खोलीत भोवऱ्यासारखी फिरताहेत, असं दृश्य. मला ओकारी आली आणि ह्यांना हसू. पुष्कळ वर्षांनी आलेलं ते पहिलं.

पण चौथ्या भेटीत डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "आता तुम्ही सोबत जायचं नाही."

"म्हणजे?"

"तुम्ही बरोबर असता तेव्हा त्यांचं मन म्हणतं, बायको होती म्हणून वाचलो. तुमच्या मायेनं आजाराला बसायला जागा दिलीय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आठ वर्षं! नोकरी सोडली, लेकीचं घर सोडलं, बहिणीच्या आजारपणात गेले नाही, आणि ही कालची पोरगी मला सांगते की मी आजाराला पाट मांडला? फोन बंद करून मी भांडी घासली. दोनदा. हे दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "बाई चुकीचं बोलल्या नाहीत. पण तू नसतीस तर मी टिकलोच नसतो. दोन्ही खरं आहे." मी पाठ वळवून रडले. मग त्याच आठवड्यात वाचनालयात जाऊन विचारलं, दोन सकाळी काम मिळेल का. मिळालं. पहिल्या सकाळी टेबलाशी बसले आणि मीच सारखी घड्याळाकडे बघत होते. घरी कुणाला काही होईल, ही धास्ती मलाही चिकटली होती की.

हे मात्र जोमात निघाले. आधी फाटक. मग गल्लीचं तोंड. मग पाण्याची टाकी, मग पावाचं दुकान. नियम एकच, भीती चढली तरी ती उतरेपर्यंत तिथंच थांबायचं, मग परत. ह्यांनी वहीत तक्ता आखला. तारीख, अंतर, भीती शंभरात किती, उतरायला किती मिनिटं. डॉक्टरीणबाई तक्ता बघून खूश.

तीन महिन्यांत गाडी पुलापाशी आली आणि अडली. पूल काही ओलांडवेना. पाच आठवडे रोज तिथवर जायचे आणि परत. तेव्हा डॉक्टरीणबाई स्वतः आल्या, ह्यांच्या मागून चालत राहिल्या, आणि पुलाच्या तोंडाशी विचारलं, "ओठ हलताहेत तुमचे. काय म्हणताय?"

"पावलं मोजतोय. फाटकापासून इथवर सहाशे चाळीस."

"रोज मोजता?"

"माझा धंदाच तो."

"आणि खिशात काय धरलंय?"

छोटी पोलादी फीत. मुठीत घट्ट, अंगठा तिच्या कडेवर.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बायको सोडलीत आणि मोजणी धरलीत. मोजता म्हणून काही होत नाही, असं मनाला वाटतंय. उद्यापासून फीत घरी. पावलं मोजायची नाहीत."

घरी येऊन मला हे सांगताना ह्यांचा चेहरा असा झाला की मलाच पुढे व्हावंसं वाटलं. बायकोशिवाय चाललं, घराशिवाय चाललं, पण न मोजता चालायचं? हे जन्मात कधी न मोजता चालले नव्हते. पहिल्या दिवशी टाकीपासूनच परत आले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मोजायचं नाही म्हटलं की डोळे उघडे राहतात. किती माणसं असतात रस्त्यात!" आठव्या की नवव्या दिवशी पुलाच्या मध्यावर ॲटॅक आला. कठडा धरून उभे राहिले. सगळं काचेपलीकडचं दिसत होतं म्हणे, पाणी, माणसं, स्वतःचे हात. मग हळूहळू काच विरली. आणि हे पलीकडे उतरले. किती पावलं, ते ह्यांना सांगता आलं नाही. घरी येऊन ते मला हेच सांगत राहिले, चार-चारदा, "किती ते ठाऊक नाही." मी म्हटलं, "बरं झालं. चहा घ्या."

उरली लेकीच्या घरची बस. ठरलं असं की मी आदल्या दिवशी एकटीनं जायचं, आणि ह्यांनी दुसऱ्या दिवशी एकट्यानं यायचं. सकाळी आठची गाडी, अकराला पोचते. कुणी घ्यायला जायचं नाही, वाटेत फोन करायचा नाही. मी निघाले तेव्हा हे फाटकाशी उभे होते. मी तीनदा मागं बघितलं.

आणि काय सांगू, चार वर्षांनी लेकीच्या दारात उभी राहिले, तर मला सगळं घर पाठ होतं! दार डावीकडे उघडलं, पलंग खिडकीला लागून, टेबल कोपऱ्यात. कागदावर बघितलेलं सगळं अंगानं मोठं होऊन उभं होतं. मी तिच्या खिडकीत बसून केस विंचरले. ती मागून आली आणि माझ्या डोक्यावर हनुवटी टेकून उभी राहिली. मनात सारखं एकच, उद्या हे येतील का?

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले. सव्वाअकरा. लेक दारात, मी आत, मग मी दारात, ती आत. साडेअकराला ती म्हणाली, "फोन करू?" मी म्हटलं, "नाही करायचा." बारा वाजता मीच फोन हातात घेतला आणि पुन्हा ठेवला. माझ्या डोळ्यांसमोर ते फाटकाच्या कडीवर हात ठेवून उभे होते. लेक ओट्यापाशी जाऊन विनाकारण कप धुवायला लागली. पाठमोरीच म्हणाली, "नाही आले तरी चालेल, आई. मी त्यांना काही म्हणणार नाही."

साडेबाराला फाटक वाजलं.

सदरा घामानं भिजलेला, केस विस्कटलेले, हातात पिशवी. उंबऱ्याशी थांबून लेकीकडे बघितलं आणि म्हणाले, "एक गाडी चुकली. पाणी दे."

नंतर सांगितलं ते असं. अर्ध्या वाटेवर गाडीत जोराचा ॲटॅक आला. हे उतरले. थांब्यावरच्या बाकावर बसून राहिले. समोर परतीची गाडी उभी होती, दार उघडं, दोन पावलांवर. घरी जाणारी. "तिच्याकडे बघत बसलो. धडधड चढली, चढली, मग उतरली. गाडीही गेली. मग पुढची आली ती इकडची होती, तिच्यात चढलो." एवढंच. ह्यांनी तीस वर्षांत असंख्य मोजण्या केल्या, पण मला विचाराल तर ह्यांचं सगळ्यात मोठं काम ते, बाकावर बसून राहण्याचं.

पाणी पिऊन हे घरभर फिरले. टेबलाला हात लावला, खिडकीच्या चौकटीला लावला, काही विचारावं लागलं नाही. शेवटी स्वयंपाकघरात आले. ओट्यासमोरच्या भिंतीपुढे उभे राहिले. लेक दारातच थांबली.

"फीत देऊ, बाबा?" ती हळूच म्हणाली.

"नको."

दोन्ही हात पसरले की बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत ह्यांचे एक मीटर एकाहत्तर भरतात. हे एका कोपऱ्यात डावं बोट टेकवून भिंतीला छाती लावून उभे राहिले, हात पसरले. जिथं उजवं बोट टेकलं तिथं नखानं खूण केली. मग खुणेपाशी डावं बोट लावून पुन्हा हात पसरले. उजवं बोट नेमकं दुसऱ्या कोपऱ्यात टेकलं. दोन वाव. तीन बेचाळीस. एक केस कमी नाही, जास्त नाही.

हे तसेच उभे राहिले, भिंतीला गाल लावून.

लेकीनं तोंडावर हात घेतला. "मी मुद्दाम पाठवलं होतं, बाबा. तिन्ही वेळा. मोजलंच नव्हतं. मला वाटलं, माझ्यासाठी तुम्हाला येता येत नाही, पण मापातली चूक तुम्हाला बसू देणार नाही." ती रडत होती. "मला माफ करा."

हे वळले. "मला ठाऊक होतं."

"काय?"

"तीन वेगळ्या दिवशी मोजलं तर माप थोडं तरी हलतं. फीत कधी ताणली जाते, कधी ढिली पडते. खरी चूक दरवेळी वेगळी येते. तू तिन्ही वेळा वीसच सांगितलंस. तेव्हाच कळलं, पोरगी मला बोलावतेय."

म्हणजे बघा! बाप-लेक दोघांनाही ठाऊक, आणि मी तिकडे बावीस सेंटिमीटरच्या काळजीनं झुरत होते. मी तोंड उघडलं होतं चांगलं झापायला. पण लेकीनं आधी विचारलं.

"मग बोलला का नाहीत तेव्हाच?"

"बोललो असतो तर तू बरोबर माप पाठवलं असतंस," हे म्हणाले. "घर जुळलं असतं. मग मी त्या कागदावरच राहिलो असतो ना, बटण सरकवत."

लेक ओट्यापाशी उभी होती. हे तिच्याकडे गेले. मधे तीन-चार पावलं असतील, आम्ही कुणी मोजली नाहीत.